सिलिंडर तरंगला, बत्ता बुडाला

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांच्या धुवाधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. माझ्या धाकट्या बहिणीचे घर तळमजल्यावर आहे. ती नेसत्या कपड्यांनिशी वर शेजाऱ्यांकडे गेली आणि जिन्यातून तिने मोबाइलवर एक व्हिडिओ काढला. तो आमच्या घरात आजही अधूनमधून पाहिला जातो. कंबरभर गढूळ पाण्यात फ्रिज उताणा पडून हॉलभर फिरतो आहे. स्वयंपाकघराच्या दारातून लाल गॅस सिलिंडर, आदल्याच दिवशी आलेला, सीलसुद्धा न तोडलेला, तिरपा होत हळूहळू बाहेर येतो आहे. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो, तेव्हा आईचा लोखंडी खलबत्ता मात्र ओट्याखाली जिथल्या तिथे बसलेला होता.

परवा नातीने तो व्हिडिओ पाहिला आणि विचारले, "आजी, सिलिंडर तर एवढा जड, लोखंडाचा. मग तो काऊन नाही बुडला जी? अन् एवढासा बत्ता काऊन बुडला?"

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. बहिणीचा मुलगा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. पूर आला त्या दिवशी तो हिंदी महासागरात होता. "मावशी, माझ्या चारी बाजूंनी हजारो मीटर खोल पाणी, अन् माझे पाय कोरडे. आईच्या घरात मात्र कंबरभर," एवढे म्हणून फोनवर त्याचा आवाज भरून आला होता. त्याच्याकडून ऐकलेले आणि मी वाचलेले, असे दोन्ही मिळून नातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे लिहिते आहे. आपल्या नागपुरात झीरो माइलचा दगड आहे, समुद्र नाही. पण जहाज समजून घ्यायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्या घरात आणि गल्लीत आहेत.

आधी सिलिंडरचा हिशेब करू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकी साधारण १५-१६ किलोची. म्हणजे भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास. पण त्याच्या पोटात ३३ लिटर पाणी मावेल एवढी जागा आहे. तो पूर्ण बुडायचा तर त्याला निदान ३३ लिटर पाणी बाजूला सारावे लागेल आणि त्या पाण्याचे वजन ३३ किलो. जितके पाणी बाजूला सरते, त्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी वस्तूला वर ढकलते. आर्किमिडीजचा हा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. सिलिंडरचे वजन ३०, वर ढकलणारा जोर ३३ पर्यंत जाऊ शकतो, म्हणून तो बुडायच्या आधीच थांबतो. दोन किलोचा बत्ता भरीव. तो जेमतेम पाव लिटर पाणी सारतो. दोन किलोला पाव किलोचा आधार पुरत नाही.

'लोखंड बुडते' हे वाक्यच म्हणून अर्धवट आहे. लोखंडाने किती जागा कवेत घेतली आहे, हे त्यात येत नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेली आपली विक्रांत २६२ मीटर लांब, ६२ मीटर रुंद आणि सुमारे ४३,००० टनांची आहे. ती तरंगते म्हणजे ४३,००० टन समुद्राचे पाणी तिने बाजूला सारले आहे. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर असे जवळजवळ ४,२०० टँकर. तेवढे पाणी जिथे होते तिथे आता विक्रांतचे पोट आहे. समुद्राच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही. आधी जेवढा भार तो पेलत होता तेवढाच आताही पेलतो आहे.

समुद्राच्या पाण्याचे पेलणे आणि आपल्या फुटाळा तलावाच्या पाण्याचे पेलणे यांत थोडा फरक आहे. मिठामुळे समुद्राचे एक लिटर पाणी साधारण १,०२५ ग्रॅम भरते. समुद्रात दहा मीटर बुडालेले जहाज नदीच्या मुखातून गोड्या पाण्यात शिरले की पाव मीटरच्या आसपास आणखी खाली जाते, एक पोतेही न चढवता. म्हणूनच जहाजाच्या कुशीवर, मधोमध, एक वर्तुळ आणि शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा रंगवलेल्या असतात. गोड्या पाण्याची रेघ वेगळी, उष्ण समुद्राची वेगळी, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची वेगळी, आणि सगळ्यांत खालची उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठी. माल कितीही असो, त्या त्या ठिकाणची रेघ पाण्याखाली जाता कामा नये. ही रेघ सहजासहजी आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले काही जहाजमालक जुनाट जहाजे गळ्यापर्यंत भरून, वर मोठा विमा उतरवून पाठवत. जहाज आले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा. मरत ते खलाशी. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या खासदाराने त्याविरुद्ध संसदेत अक्षरशः आकांत केला आणि १८७६ मध्ये ही रेघ कायद्याने सक्तीची झाली. मला शास्त्राच्या इतिहासातल्या मोठमोठ्या शोधांपेक्षा ही रंगाची एक रेघ जास्त मोलाची वाटते.

तरंगणे इतके सोपे आहे. उभे राहून तरंगणे मात्र अवघड आहे, आणि तिथेच आपला फ्रिज हरला.

फ्रिज पाण्यात उचलला गेला, पण उभा राहू शकला नाही. उंच आणि अरुंद वस्तू पाण्यात कलली की कलतच जाते. आपल्याकडे कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, पाहिलेल्याला हे सांगावे लागत नाही. बंडीत कापूस बसका भरला तर ती खाचखळग्यातूनही जाते. तोच कापूस दोन पुरुष उंच रचला, की चाक एका दगडावर चढायचा अवकाश, बंडी आडवी. वजन तेवढेच, फक्त वर गेले.

जहाज कलते तेव्हा कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, म्हणून पाण्याचा वरचा रेटा त्या बाजूला सरकतो. जहाजाचे वजन मात्र त्याच्या मध्यातूनच खाली ओढत असते. एका बाजूने रेटा, मधून ओढ, अशी जोडी तयार झाली की ती जहाजाला परत सरळ करते. जहाज जेवढे रुंद, तेवढा रेटा जास्त सरकतो. जहाजातले वजन जेवढे खाली, तेवढी सरळ होण्याची ताकद जास्त. पण वजन फार वर गेले तर हीच जोडी उलटी फिरते आणि कललेल्या जहाजाला आणखी कलवते.

स्वीडनच्या राजाने मोठ्या हौसेने बांधलेले 'वासा' हे लढाऊ जहाज म्हणजे डोलाराच होता म्हणा. ६४ तोफा, नक्षीकाम, मूर्ती, सगळे वर. पाण्यात उतरल्यावर चाचणीसाठी तीस माणसांना डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळवले, तर ते एवढे डोलू लागले की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही ते निघाले. १० ऑगस्ट १६२८ रोजी, पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमच्या बंदरातच साधारण १,३०० मीटर गेल्यावर वाऱ्याच्या एका झोताने ते कलले, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि ते तळाला गेले.

आपल्या मराठी माणसांच्या काळजातली 'रामदास' बोटीची गोष्ट याच नियमाची आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, माणसांनी भरलेली बोट काशाच्या खडकाजवळ पोचली तेव्हा पावसाळी समुद्र खवळलेला होता. मोठी लाट आली, बोट एका अंगाला कलली, पाणी आत आले. घाबरलेली माणसे जीव वाचवायला एका बाजूला धावली आणि ते वजनच बोटीला घेऊन गेले. सहाशेहून अधिक जीव गेले. सणाला घरी जाणारी माणसे. त्यांनी जे केले ते कुणीही केले असते. म्हणून आजही प्रवासी बोटीवर 'जागेवर बसून राहा' असे कुणी ओरडले, तर त्याचे ऐकावे.

भाचा म्हणतो, जहाज फार स्थिर असलेलेही चांगले नसते. खाली फार वजन असले तर ते कलल्यावर इतक्या झटक्यात सरळ होते की माणसे भिंतीवर आपटतात आणि कंटेनरचे बांध तुटतात. "हळू डोलणारे जहाज आम्हाला बरे वाटते, मावशी. फक्त फारच आळसाने डोलायला लागले, कललेल्या बाजूला क्षणभर रेंगाळू लागले, की चीफ ऑफिसर जेवण टाकून उठतो." हे 'रेंगाळणे' त्याने मला ताटलीत पेला डोलवून दाखवले. पेला परत येतो की नाही, या शंकेचा तो अर्धा सेकंद.

आता या लेखात मला सगळ्यांत जास्त सांगायची असलेली गोष्ट. जहाजाचा शत्रू पाणी नाही, जडपणाही नाही. जहाज स्वतःहून हजारो टन पाणी पोटात घेऊन फिरते. माल उतरवल्यावर रिकामे जहाज फार वर तरंगू नये म्हणून तळाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. पाणबुडी तर मुद्दाम टाक्या भरून बुडते आणि हवेने पाणी बाहेर ढकलून वर येते. शत्रू आहे ते मोकळे सुटलेले वजन, जे जहाज ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावते.

हे अनुभवायचे असेल तर परातीत दोन बोटे पाणी घेऊन घरभर चालून बघा. तेवढेच पाणी उभ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घेऊन चाला. गंजातले पाणी निमूट येते, परातीतले सांडते. पाणी कमी-जास्त नाही, फक्त पसरायला जागा मिळाली. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळणावर पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, हे कुठलाही टँकरवाला सांगेल. म्हणून टँकरच्या आत भोके पाडलेल्या पत्र्याच्या भिंती असतात. जहाजात रुंद टाकीच्या मधोमध एक उभी भिंत घातली, की पाण्याच्या या धावण्याचा परिणाम चौथ्या हिश्शावर येतो. एक भिंत, आणि तीन हिस्से धोका गेला.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही गाड्या वाहून नेणारी बोट निघाली तेव्हा तिचे पुढचे दार बंद करायचे राहून गेले होते. गाड्यांचा मजला म्हणजे एकही आडभिंत नसलेले लांबच लांब दालन. पाणी आत आले, ते परातीतल्यासारखे एका बाजूला धावले आणि बोट काही मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसे गेली. त्याही आधी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, 'नॉर्मंडी' हे अवाढव्य प्रवासी जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेले असताना पेटले. बंबांनी त्यावर पाणी ओतले, ओतत राहिले. आग आटोक्यात आली, पण वरच्या मजल्यांवर साठलेल्या पाण्याने जहाज रात्री धक्क्यातच कुशीवर लोळले. जहाजावर आग विझवताना टाकलेले पाणी बाहेर काढायचीही तेवढीच घाई असते, हे नागपूरच्या अग्निशमन दलाला कधी शिकावे लागत नाही.

मोकळे सुटणारे वजन पाणीच असावे लागते असेही नाही. हे आपल्या विदर्भातल्या माणसांना खास कळेल, कारण खनिजाचे ट्रक आपल्या रस्त्यांवरूनच जातात. मनसर, कांद्री, गुमगावच्या मँगनीजच्या खाणी जिल्ह्यातच आहेत, आणि गडचिरोलीचे लोहखनिजही दूर नाही. कन्हानच्या पात्रात लहानपणी आपण काय करायचो ते आठवा. ओल्या, घट्ट दिसणाऱ्या वाळूवर उभे राहून पाय थोपटायचे. थोड्या वेळाने वाळूला पाणी सुटते, ती लिबलिबीत होते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. कणांच्या मधल्या फटीत पाणी होतेच. हादऱ्यांनी कण दाटले, पाण्याला जागा उरली नाही, त्याने कणांना एकमेकांपासून उचलले आणि घट्ट वाळू पातळ झाली.

लोहखनिजाचा बारीक चुरा पावसात भिजला आणि तसाच जहाजाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या दालनात, भरला, की इंजिनाच्या आणि लाटांच्या हादऱ्यांनी तेच होते. बंदरात ढीग कोरडा, घट्ट, त्यावरून माणूस चालू शकतो. दोन दिवसांनी भर समुद्रात तोच ढीग चिखल होतो आणि एका लाटेबरोबर सगळा एका बाजूला ओघळतो. २००९ च्या पावसाळ्यात लोहखनिजाचा चुरा घेतलेली दोन जहाजे आपल्या किनाऱ्याजवळ बुडाली, मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि पारादीपजवळ 'ब्लॅक रोज'. माल असा पातळ होऊन सरकणे हेच त्यामागचे कारण सांगितले जाते.

यावर जहाजावरची चाचणी इतकी साधी आहे की मला ती ऐकून भरून आले. भाचा स्वतः करतो. एक छोटा डबा घ्यायचा, अर्धा खनिजाने भरायचा आणि वीतभर उंचीवरून कडक जमिनीवर आपटायचा. एक-दोन सेकंदांच्या अंतराने पंचवीस वेळा. मग आत बघायचे. वर ओलसर चकाकी आली, पाणी सुटल्यासारखे दिसले, तर माल घ्यायचा नाही. "धक्क्यावर सगळे घाई करत असतात, मावशी. पाऊस पडत असतो, एजंट फोन करत असतो, अन् मी डबा आपटत बसलेला. पंचवीस मोजताना एकदाही घाई करत नाही." बहुतेक वेळा प्रयोगशाळेचा कागद असतोच, पण त्याचा स्वतःच्या डब्यावर जास्त विश्वास आहे. आणि डबा चांगला दिसला म्हणजे माल नक्की चांगला असेही नाही, हेही तो लगेच सांगतो. डब्याने फक्त वाईट बातमी कळते.

कंटेनरचेही असेच आहे. वर्धा रोडवर ट्रेलरवर जाणारा पेटीसारखा डबा आतून कसा भरला आहे हे बाहेरून दिसत नाही. वजन खोटे लिहिले असेल तर जड डबा वर आणि हलका खाली रचला जातो, कापसाच्या बंडीसारखा. म्हणून १ जुलै २०१६ पासून प्रत्येक कंटेनरचे प्रत्यक्ष तोललेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही असा जगभर नियम आहे. तरी मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर 'एमएससी एल्सा ३' ही ६४० कंटेनरसह कलली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली. चोवीसच्या चोवीस माणसे मात्र तटरक्षक दलाने आणि नौदलाने वाचवली.

वजन आणि पाणी जागच्या जागी राहावे यासाठी जहाजाच्या पोटात भिंती घालतात. तिजोरीतल्या कप्प्यांसारखी बंद दालने. एकात पाणी शिरले तर बाकीची तारतात. टायटॅनिकमध्ये अशी सोळा दालने होती आणि पुढची चार भरली तरी ते तरंगले असते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगाने सहांत पाणी घातले. सगळ्या चिरा मिळून साधारण एका दाराएवढीही जागा नव्हती, पण ती लांबवर पसरलेली होती. आणि भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे नळाखाली तिरपा धरा. पहिला कप्पा भरला की पाणी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. टायटॅनिकचे नाक खाली गेले आणि तेच झाले.

याउलट १७ जून २०१३ ला 'एमओएल कम्फर्ट' हे कंटेनर जहाज अरबी समुद्रात वादळी लाटांत मधोमध मोडले. लांब जहाजाची दोन टोके दोन लाटांवर आणि मध्य खोलगटीत, नाहीतर मध्य लाटेवर आणि टोके लोंबकळत, असे लाखो वेळा होत असते आणि पोलादावर त्याचा ताण येतो. हे जहाज मोडले, पण दोन्ही तुकडे दहा दिवस आणि त्याहून जास्त तरंगत राहिले. कारण दालने शाबूत होती. सव्वीस खलाशी सुखरूप सुटले.

नातीला मात्र एवढ्यात लढाई हवी होती. "बॉम्ब पडला तर?"

पूर्वी उत्तर होते जाड चिलखत. जपानच्या 'यामाटो' या युद्धनौकेच्या कुशीला ४१० मिलिमीटर जाडीचे पोलाद होते. ७ एप्रिल १९४५ रोजी विमानांनी पाण्याखालून जाणारे टॉर्पेडो आणि बॉम्ब टाकून तिला बुडवले. चिलखतही शेवटी वजनच आहे, ते सगळीकडे लावता येत नाही, आणि वर लावले तर 'वासा' होते. आजच्या युद्धनौकेची कातडी पातळ असते. तिचा भर मार चुकवण्यावर असतो.

आणि त्यासाठी वेळ किती असतो? पृथ्वी गोल आहे, त्यामुळे वीस मीटर उंचीवरच्या रडारला पाण्यालगत पाच मीटरवरून येणारे क्षेपणास्त्र साधारण २७ किलोमीटरवर आल्यावरच दिसू शकते. सीताबर्डीपासून बुटीबोरी जेवढे लांब, तेवढे. ते सेकंदाला ३०० मीटर वेगाने येत असेल तर हातात दीड मिनिट. आपल्या ब्राह्मोससारखे सेकंदाला किलोमीटरभर जाणारे असेल तर अर्धा मिनिटही नाही. तेवढ्यात ओळखायचे, क्षेपणास्त्राने क्षेपणास्त्र पाडायचे, धातूचा मुलामा दिलेल्या तंतूंचा ढग हवेत उडवून त्याला चकवायचे, आणि सगळे हुकले तर मिनिटाला हजारो गोळ्या झाडणाऱ्या तोफेने जवळ येताना फोडायचे.

यामुळेच लहान नौकाही मोठ्यांना भारी पडू लागल्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्यांचा पल्ला कमी, म्हणून वाटेत त्यांना ओढत नेले होते. नौदल दिन त्याच तारखेला असतो. छोट्या नौकेची ही जिगर आपल्याला नवी नाही. १६७९ मध्ये खांदेरीवर किल्ला बांधताना मराठ्यांच्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या आणि खोल बुडणारी इंग्रजी जहाजे त्यांना अडवू शकली नाहीत.

टॉर्पेडोची गोष्ट वेगळी आणि भयंकर आहे. आजचा जड टॉर्पेडो जहाजाला धडकण्याऐवजी त्याच्या पोटाखाली फुटतो. स्फोटाच्या वायूचा प्रचंड बुडबुडा जहाजाचा मध्य वर उचलतो. मग बुडबुडा आकसतो आणि त्या मध्याखाली आधारच उरत नाही. आधी वर, मग खाली, आपण ऊस गुडघ्यावर मोडतो तसा जहाजाचा कणा मोडतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोने आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना उतरवले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. हे लिहिताना माझा हात थांबतो.

पण मार बसला म्हणजे जहाज गेले असे नाही. १२ ऑक्टोबर २००० ला एडनच्या बंदरात स्फोटकांनी भरलेल्या होडीने 'यूएसएस कोल' या अमेरिकी युद्धनौकेच्या कुशीला घर मावेल एवढे भोक पाडले. सतरा नौसैनिक मेले. बाकीच्यांनी पुढचे काही दिवस पंपांनी, आणि पंप थांबले तेव्हा बादल्यांनी, पाणी उपसून जहाज तरते ठेवले. भिंत फुगू लागली की तिला लाकडी वासे आणि पाचरी ठोकून टेकू द्यायचे, भोकात लाकडी खुंटे आणि गाद्या कोंबायच्या, हेच काम अत्याधुनिक युद्धनौकेवरही करतात. उपग्रहाशी बोलणाऱ्या जहाजात सुताराचे सामान नेमून दिलेल्या जागी टांगलेले असते. १९८२ मध्ये फॉकलंडच्या लढाईत 'शेफील्ड' या ब्रिटिश युद्धनौकेला क्षेपणास्त्र लागले तेव्हा पहिल्याच फटक्यात आग विझवायच्या पाण्याची मुख्य नळी फुटली. आग पसरत गेली, आणि सहा दिवसांनी ओढून नेताना ती बुडाली.

लढाईशिवायही जहाजाला रोजचा एक शत्रू आहेच, गंज. खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने कुजते. त्यावरचा उपाय आपल्या कूलरच्या टाकीत आहे. जस्ती पत्र्याची टाकी साध्या पत्र्यापेक्षा जास्त टिकते, कारण जस्त आधी स्वतः झिजते आणि तोवर लोखंड वाचते. जहाजाच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात. भाच्याने ड्रायडॉकमधला, म्हणजे पाणी काढलेल्या गोदीतला, फोटो पाठवला होता. वापरून पातळ झालेल्या साबणासारख्या त्या दिसत होत्या, आणि शेजारचे पोलाद शाबूत. तळाचा तांबडा रंगही शोभेचा नाही. त्यात परंपरेने तांब्याचे ऑक्साइड असते, म्हणजे शंख-शिंपले चिकटत नाहीत.

आणि तरीही जहाज वाचवता आले नाही तर? भाचा सांगतो, दर महिन्याला प्रत्येकाला जहाज सोडण्याचा सराव करावाच लागतो, झोपमोड झाली तरी. डेकवर पांढऱ्या पिंपासारख्या पेट्यांत फुगणारे तराफे बांधलेले असतात. ते सोडवायला कुणी उरले नाही तर? पेटीच्या दोरीत एक छोटा, मुठीएवढा पुर्जा बसवलेला असतो. जहाज बुडून तो दीड ते चार मीटर खोल गेला, की पाण्याच्या दाबाने आतले पाते सुटते आणि दोरी कापते. पेटी वर येते, तराफा फुगतो. तसेच एक पिवळे रेडिओ यंत्र आपोआप सुटून वर येते आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारते. आपल्याकडे ती हाक बंगळुरूच्या केंद्रात उतरते आणि तिथून तटरक्षक दलाकडे जाते.

नातीने हे सगळे ऐकून घेतले, मग बादलीत पाणी भरले, स्टीलचा पेला उभा सोडला. तो आडवा झाला. तिने तळाशी दोन गोट्या टाकून परत सोडला. या वेळी तो उभा राहिला. मग ती पेल्याला हळूच टिचकी मारून बघू लागली, तो परत येतो की रेंगाळतो ते.